फूटपट्टी, तराजू आणि सॅम मिल्स

दर वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात तरण्याबांड पोरांची एक परीक्षा भरते. कॉलेजात अमेरिकन फुटबॉल गाजवून आलेली तीनशेच्या वर मुलं आणि त्यांच्याकडे डोळे लावून बसलेले एनएफएल या व्यावसायिक लीगच्या बत्तीस संघांचे प्रशिक्षक, व्यवस्थापक आणि स्काउट. मुलगा अर्ध्या चड्डीवर पुढं येतो, भिंतीला पाठ टेकून ताठ उभा राहतो. त्याची उंची इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजली जाते. मग वजन, हाताची लांबी, पंजाचा पसारा. नंतर चाळीस यार्डांची धाव, जागच्या जागी उंच उडी, 225 पौंडांचा बार छातीवरून किती वेळा उचलतो याची मोजणी. या सोहळ्याला 'कम्बाइन' म्हणतात. 1987 पासून तो याच शहरात भरतो आणि इथं निघालेल्या आकड्यांवर कोणाला किती लाख डॉलर मिळणार हे बऱ्याच अंशी ठरतं.

या मोजमापात सगळ्यांत जास्त भरडला जातो तो लाइनबॅकर. बचावफळीच्या मधोमध उभा राहणारा हा गडी कसा असावा, याचा एक साचा अनेक वर्षं ठरून गेला होता. सहा फूट दोन-तीन इंच उंची, 240 पौंड म्हणजे जवळपास 109 किलो वजन. शिकागो बेअर्सचा डिक बटकस हा या साच्याचा मूळ पुरुष. सहा फूट तीन इंच, 245 पौंड, आणि अंगावर आला की समोरच्याची हाडं मोजणारा. त्यापेक्षा दोन-तीन इंच कमी किंवा पंधरा-वीस पौंड हलका मुलगा आला की त्याच्या नावापुढं 'अंडरसाइज्ड' असा शेरा पडतो. एकदा हा शेरा बसला की ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तेव्हा, पहिल्या फेरीत निवडला जाऊ शकणारा मुलगा पाचव्या फेरीत ढकलला जातो. कधी त्याला कोणीच घेत नाही.

हा शेरा कितपत खरा? अंगकाठीनं लहान असलेला लाइनबॅकर या धिप्पाडांच्या खेळात टिकतो का? गेल्या साठ वर्षांचा इतिहास पाहिला, तर 'हो' म्हणणारी उदाहरणं ठळक दिसतात. पण त्या 'हो'ला अटी आहेत, आणि खरी गंमत त्या अटींमध्येच आहे.

अर्ध्या सेकंदाचा हिशेब

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना दहा यार्ड पुढं सरकण्यासाठी चार संधी. त्यांच्या पुढच्या रांगेत पाच महाकाय गडी असतात. मधला सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. आजच्या एनएफएलमध्ये यांतला प्रत्येक जण तीनशे पौंडांच्या पुढचा. 315 पौंडांचा गार्ड म्हणजे 143 किलो. त्यांच्यासमोर बचावाची तीन किंवा चार जणांची रांग, आणि या रांगेच्या मागं चार-पाच यार्डांवर लाइनबॅकर.

त्याला तीन कामं. चेंडू घेऊन धावणारा 'रनिंग बॅक' रांग फोडून आला तर त्याला जमिनीवर लोळवायचं. पास टाकला जाणार असेल तर मागं किंवा आडवं धावून पास घेणाऱ्याला झाकायचं. आणि प्रशिक्षकाचा इशारा असेल तेव्हा पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकवर थेट तुटून पडायचं. पहिल्या कामाला वजन लागतं, दुसऱ्याला पाय लागतात. एकाच माणसाकडून दोन्ही हवं, म्हणून ही जागा भरणं अवघड.

आता एक क्षण जवळून पाहू. सेंटरनं चेंडू मागं दिला. लाइनबॅकर चेंडूकडं बघत नाही. त्याची नजर समोरच्या गार्डच्या हेल्मेटवर आहे. हेल्मेट खाली वाकून पुढं आलं तर धाव येणार. हेल्मेट वर उठलं आणि गार्ड मागं सरकला तर पास. गार्ड रांगेतून बाहेर पडून उजवीकडं पळू लागला, तर धाव त्या बाजूनं निघाली आहे; त्याच्या मागोमाग सुटायचं. हे सगळं वाचायला जेमतेम अर्धा सेकंद. पहिलं पाऊल बरोबर पडलं तर गार्ड पोचायच्या आत लाइनबॅकर मोकळ्या फटीत शिरलेला असतो. चुकलं तर 143 किलोंचा डोंगर त्याच्या छातीवर येऊन आदळतो, आणि मग तो 225 पौंडांचा असो की 245 चा, मागंच जातो. वीस पौंडांच्या फरकानं डोंगराला काही फरक पडत नाही.

लहान लाइनबॅकरच्या बाजूचा सगळ्यांत भक्कम युक्तिवाद हाच आहे. त्याची लढाई ताकदीची नाही, वेळेची आहे. शिवाय धडक झालीच, तर बुटकेपणाचा फायदाही होतो. कबड्डीत कोपऱ्यातला बुटका गडी चढाईवाल्याच्या घोट्याला झेपावतो आणि उंच गड्याला ते खाली वाकणं जमत नाही, तसंच इथंही ज्याचा खांदा खाली त्याची धडक भारी. मात्र कबड्डीत वजनाला मर्यादा असते. इथं ती नाही. लहान गड्यासमोर कोण उभा राहणार, याला वरचा आकडा नाही.

सुतारकाम शिकवणारा मास्तर

सॅम मिल्सचा जन्म 1959 चा. वाढला न्यू जर्सीतल्या लाँग ब्रँच या समुद्रकाठच्या गावात. शिकला त्याच राज्यातल्या माँटक्लेअर स्टेट कॉलेजात. एडिसन-जर्सी सिटी परिसरात वस्ती केलेल्या मराठी मंडळींना ही नावं परकी नाहीत. पण फुटबॉलच्या दृष्टीनं माँटक्लेअर म्हणजे तिसऱ्या श्रेणीतलं कॉलेज. खेळासाठी शिष्यवृत्ती देण्याचीही तिथं सोय नाही. मिल्सची उंची पाच फूट नऊ इंच. 1981 साली ड्राफ्टमध्ये त्याला कोणी विचारलं नाही. क्लीव्हलंड ब्राउन्सनं सरावाला बोलावलं आणि हंगाम सुरू व्हायच्या आत घरी पाठवलं. पुढच्या वर्षी कॅनडातल्या टोरांटो अर्गोनॉट्सनंही तेच केलं.

मिल्स परत आला आणि ईस्ट ऑरेंजच्या हायस्कुलात मास्तर झाला. मुलांना सुतारकाम आणि छायाचित्रण शिकवायचं, संध्याकाळी शाळेच्या फुटबॉल संघाला मार्गदर्शन करायचं. गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. अशा हजारो गोष्टी इथंच संपतात.

1983 मध्ये अमेरिकेत यूएसएफएल नावाची दुसरी व्यावसायिक लीग निघाली. नव्या लीगला माणसं हवी होती, त्यामुळं दारं जरा सैल होती. फिलाडेल्फिया स्टार्स संघाकडं मिल्सची शिफारस गेली ती ब्राउन्सचेच प्रशिक्षक सॅम रुटिग्लियानो यांच्याकडून, असं सांगतात. ज्यांनी त्याला काढलं त्यांनाच त्याचा खेळ विसरता येत नव्हता. स्टार्सचे प्रशिक्षक होते जिम मोरा. मिल्सला तिथं टोपणनाव पडलं 'फील्ड माउस', म्हणजे शेतातला उंदीर. या उंदरानं तीन हंगाम लीग कुरतडून काढली. 1984 आणि 1985 अशी लागोपाठ दोन विजेतेपदं स्टार्सनी जिंकली.

यूएसएफएल बुडाली. मोरा 1986 मध्ये एनएफएलच्या न्यू ऑर्लीन्स सेंट्स संघात गेले आणि मिल्सला बरोबर घेऊन गेले. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. या वयात कित्येक लाइनबॅकर गुडघे धरून निवृत्तीचा विचार करू लागतात. सेंट्सनी 1967 पासून एकदाही विजयी हंगाम पाहिला नव्हता. 1987 मध्ये त्यांनी बारा सामने जिंकले, तीनच हरले. रिकी जॅक्सन, व्हॉन जॉन्सन, पॅट स्विलिंग आणि मिल्स ही लाइनबॅकरांची चौकडी 'डोम पेट्रोल' या नावानं गाजली. 1992 च्या हंगामात चौघांचीही प्रो बोलसाठी, म्हणजे तारांकित खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड झाली.

मिल्स करत काय होता, हे पाहायचं तर 15 ऑक्टोबर 1995 चा सामना पाहावा. तो तेव्हा कॅरोलिना पँथर्स या कोऱ्या करकरीत संघात होता. संघानं पहिले पाचही सामने गमावलेले. समोर न्यूयॉर्क जेट्स. जेट्सचा क्वार्टरबॅक बबी ब्रिस्टर दडपणाखाली आला आणि त्यानं जवळच्याच साथीदाराकडं चेंडू खालून पुढं सरकवला. याला शव्हल पास म्हणतात. बचावफळी क्वार्टरबॅकच्या अंगावर धावून गेली की तिच्याच पोटातून चेंडू काढायचा, ही त्यातली युक्ती. सगळे धावत गेले. मिल्स थांबला होता. चेंडू हवेत असतानाच त्यानं तो पकडला आणि 36 यार्ड पळत जाऊन टचडाउन केला. वय 36, उंची पाच फूट नऊ. पँथर्सनी 26-15 असा इतिहासातला आपला पहिला विजय मिळवला. त्या एका क्षणात उंचीचा कुठंच संबंध नव्हता. सगळं काही नजरेचं होतं.

1996 मध्ये, सदतिसाव्या वर्षी, मिल्स पाचव्यांदा प्रो बोलला निवडला गेला. निवृत्तीनंतर तो पँथर्सचाच प्रशिक्षक झाला. 2003 मध्ये त्याला आतड्याचा कर्करोग असल्याचं निदान झालं. उपचार सुरू असताना जानेवारी 2004 मधल्या बाद फेरीच्या सामन्याआधी तो खेळाडूंशी बोलला. सोडून देणं किंवा लढत राहणं, एवढे दोनच मार्ग होते आणि आपण दुसरा निवडला, असा त्या बोलण्याचा आशय. त्यातले 'कीप पाउंडिंग' हे दोन शब्द आज पँथर्सचं घोषवाक्य आहेत. एप्रिल 2005 मध्ये मिल्स गेला. 2022 मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं, तेही नेहमीच्या निवडपद्धतीतल्या पात्रतेच्या विसाव्या आणि शेवटच्या वर्षी. मोजपट्टी मेल्यावरही सोडत नाही ती अशी.

पुढं कोण उभं आहे?

मिल्सच्या गोष्टीतून 'जिद्द असली की सगळं जमतं' असा बोध काढायचा मोह होतो. तो आवरलेला बरा, कारण जिद्द तर सगळ्यांकडंच असते. मिल्सकडं आणखी तीन गोष्टी होत्या. एक, तो बुटका होता पण हलका नव्हता. पाच फूट नऊ इंचांत सव्वादोनशेच्या वर पौंड मावले होते. दोन, त्याला ओळखणारा आणि नव्या संघात बरोबर नेणारा प्रशिक्षक होता. तीन, भोवती जॅक्सन-स्विलिंगसारखे खंदे साथीदार होते.

यांतली तिसरी गोष्ट झॅक थॉमसच्या बाबतीत अधिक स्पष्ट दिसते. टेक्सासमधल्या पॅम्पा गावचा हा मुलगा पाच फूट अकरा इंचांचा. 1996 च्या ड्राफ्टमध्ये मायामी डॉल्फिन्सनी त्याला पाचव्या फेरीत, 154 व्या क्रमांकावर घेतलं. त्याच ड्राफ्टमध्ये लाइनबॅकर रे लुइस 26 व्या क्रमांकावर बाल्टिमोरला गेला होता. डॉल्फिन्सचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन हे वेगाचे भक्त. कॉलेजात प्रशिक्षक असल्यापासून त्यांची रीत ठरलेली: सेफ्टीला, म्हणजे मागच्या फळीतल्या चपळ बचावपटूला, लाइनबॅकर करायचं, लाइनबॅकरला पुढच्या रांगेत न्यायचं, आणि प्रत्येक जागी एक पायरी जास्त वेग मिळवायचा. त्यांनी सरावातच थॉमसला पारखलं, जॅक डेल रिओ या नावाजलेल्या अनुभवी लाइनबॅकरला मोकळं केलं आणि पाचव्या फेरीतल्या पोराला मधली जागा दिली. थॉमस सात वेळा प्रो बोलला गेला, पाच वेळा पहिल्या ऑल-प्रो संघात, म्हणजे लीगमधल्या हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत, आला. चेंडूवाल्याला लोळवणं यालाही टॅकलच म्हणतात; त्याच्या नावावर असे सतराशेच्या वर टॅकल आहेत. 2023 मध्ये तोही हॉल ऑफ फेममध्ये पोचला.

थॉमस चित्रफिती बघण्यासाठी प्रसिद्ध होता. प्रतिस्पर्ध्याची चाल चेंडू सुटायच्या आधीच ओळखून साथीदारांना ओरडून सांगायचा. पण त्याच्या पुढं टिम बोवेन्स आणि डॅरिल गार्डनर हे बचावाच्या रांगेतले दोन तीनशे पौंडी गडी उभे असायचे. प्रतिस्पर्ध्याच्या गार्डांना यांनीच गुंतवून ठेवलं की मागचा थॉमस मोकळा. रे लुइसचंही तेच. 2000 सालच्या बाल्टिमोरच्या विक्रमी बचावफळीत त्याच्या पुढं टोनी सिरागुसा आणि सॅम अ‍ॅडम्स असे दोन पहाड होते. लाइनबॅकरच्या टॅकलांची बेरीज छापून येते, पुढच्यांनी अंगावर घेतलेल्या गार्डांची येत नाही.

म्हणूनच लहान लाइनबॅकर हा एकट्याचा प्रश्न नाही. तो ज्या घडणीत बसवला जातो, तिचा प्रश्न आहे. डॅट न्यूएनचं उदाहरण घ्या. व्हिएतनामी निर्वासित कुटुंबातला, अर्कान्सासमधल्या छावणीत जन्मलेला हा पाच फूट अकरा इंचांचा मुलगा 1999 मध्ये डॅलस काउबॉइजमध्ये आला. 2003 मध्ये तिथं बिल पार्सेल्स प्रशिक्षक म्हणून आले. पार्सेल्सना धिप्पाड लाइनबॅकर आवडतात हे जगजाहीर होतं, त्यामुळं न्यूएनची सुट्टी झाली असंच सगळ्यांना वाटलं. घडलं उलटं. त्या हंगामात त्याचा खेळ सर्वोत्तम ठरला आणि सगळ्यांत कमी यार्ड देणारी बचावफळी डॅलसची होती. पण दुखापतींनी गाठलं आणि 2005 च्या हंगामानंतर तो निवृत्त झाला.

लंडन फ्लेचरला मात्र दुखापती अडवू शकल्या नाहीत. पाच फूट दहा इंच, जॉन कॅरोल या ओहायोतल्या तिसऱ्या श्रेणीच्या कॉलेजातला, ड्राफ्टमध्ये न निवडलेला. 1998 पासून सोळा हंगाम तो खेळला आणि त्यातला एकही सामना चुकवला नाही. सलग 256 सामने! लहान शरीर लवकर मोडतं, हा समज या एका माणसानं मोडीत काढला.

खेळच बदलला

आतापर्यंतची माणसं साच्याविरुद्ध जिंकली. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र साचाच झिजला. याचं बीज 1978 मध्ये पडलं. त्या वर्षी नियम आला की पास घेणाऱ्याला पाच यार्डांच्या पुढं धक्काबुक्की करायची नाही. शिवाय क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्यांना हात पसरून, तळवे उघडे ठेवून अडवायची मुभा मिळाली. पास टाकणं सोपं झालं आणि आक्रमण हळूहळू हवेतून होऊ लागलं. पास घेणारे दोनाचे तीन झाले. तिसऱ्याला झाकायला बचावानं एक लाइनबॅकर बाहेर बसवून मागच्या फळीत पाचवा चपळ गडी आणला. या मांडणीला 'निकेल' म्हणतात. पूर्वी ती अडीअडचणीची होती, आज तीच नित्याची आहे.

बाहेर बसला तो अर्थातच जड लाइनबॅकर. 1990 च्या दशकात पिट्सबर्गचा लेव्हॉन कर्कलंड 270 पौंडांच्या पुढचा असूनही मधला लाइनबॅकर म्हणून दोनदा प्रो बोलला गेला. आज त्या वजनाच्या मुलाला सरळ पुढच्या रांगेत उभं करतील. मैदानाची रुंदी सव्वात्रेपन्न यार्डांहून थोडी जास्तच. ती झाकायला आता सव्वादोनशे पौंडांचा पळणारा गडी हवा. टँपा बे संघाचे प्रशिक्षक टोनी डंजी आणि माँटी किफिन यांनी हे फार आधी ओळखलं होतं. त्यांचा डेरिक ब्रुक्स 2002 च्या हंगामात लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला, तो वजनावर नव्हे तर पायांवर.

याचं ताजं रूप म्हणजे फिलाडेल्फिया ईगल्सचा झॅक बॉन. वजन 225. आधीच्या संघात तो बचावाच्या रांगेच्या टोकाला खेळायचा, फारसा कोणाच्या लक्षातही नव्हता. 2024 मध्ये बचावाचे प्रशिक्षक व्हिक फँजिओंनी त्याला मध्ये आणलं आणि तो त्याच हंगामात पहिल्या ऑल-प्रो संघात गेला. फेब्रुवारी 2025 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, त्यानं प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सचा पास हिसकावला. त्याच्या पुढं कोण होतं? जेलन कार्टर आणि सव्वातीनशे पौंडांच्या वरचा जॉर्डन डेव्हिस. पहाड आणि मागं पळणारा गडी, हा हिशेब थॉमसच्या काळापासून तसाच आहे.

किंमत

दुसरी बाजूही तितकीच खरी. अ‍ॅरिझोना कार्डिनल्सनी डीओन बुकॅनन या सेफ्टीला लाइनबॅकर केलं, तेव्हा 'मनीबॅकर' म्हणून केवढा गाजावाजा झाला. 2018 मध्ये प्रशिक्षक बदलले, मांडणी बदलली आणि त्याची जागा गेली. जी घडण लहान खेळाडूला मोठं करते, ती मोडली की तो एका हंगामात फालतू ठरतो. मोठ्या लाइनबॅकरला निदान दुसरीकडं काम मिळतं.

जेरेमाया ओवुसू-कोरामोआची गोष्ट अधिक बोचरी. कॉलेजात बटकसच्याच नावाचा पुरस्कार मिळवलेला, उंचीनं बरा पण वजनानं 221 पौंडांचा हा मुलगा क्लीव्हलंड ब्राउन्सनं 2021 मध्ये 52 व्या क्रमांकावर घेतला. 2023 मध्ये प्रो बोल, 2024 च्या ऑगस्टमध्ये नवा करार. त्याच ऑक्टोबरमध्ये बाल्टिमोरच्या डेरिक हेन्रीला अडवताना त्याच्या मानेला गंभीर दुखापत झाली आणि 2025 चा अख्खा हंगाम त्याला बाहेर बसावं लागलं. हेन्री 247 पौंडांचा. जड लाइनबॅकरलाही अशी इजा होऊ शकते, म्हणून सगळा दोष वजनावर टाकणं बरोबर नाही. पण अशा धडका शेकड्यांनी झेलायच्या असतात, तेव्हा पंचवीस पौंडांचा फरक शरीर विसरत नाही.

निक बुओनिकाँटी हे या परंपरेतलं जुनं नाव. पाच फूट अकरा इंच, 1962 मध्ये एनएफएलनं निवडलंच नाही, तेव्हाच्या प्रतिस्पर्धी लीगमध्ये, एएफएलमध्ये, तेराव्या फेरीत गेला. 1972 मध्ये एकही सामना न हरलेल्या मायामी संघाच्या बचावाचा तो कणा होता. उतारवयात स्मृती आणि हालचाल दोन्ही ढासळली. 2017 मध्ये त्यानं आपला मेंदू संशोधनासाठी देण्याचं जाहीर केलं; 2019 मध्ये तो गेला. यश मिळालं म्हणजे फुकट मिळालं असं नाही.

आणि हवा पुन्हा फिरू लागली आहे. बचावफळ्या हलक्या झाल्या हे आक्रमकांच्याही लक्षात आलं. 2024 मध्ये फिलाडेल्फियाचा सेकॉन बार्कली 2,005 यार्ड धावला, हेन्री 1,921. हलक्या लाइनबॅकरांवर जड धावपटू सोडायचा, हा आजचा डाव आहे.

तेव्हा निकाल असा. बुटका लाइनबॅकर यशस्वी होऊ शकतो, हे मिल्स, थॉमस, फ्लेचर यांनी निर्विवाद सिद्ध केलं आहे. उंची हे सगळ्यांत फसवं मोजमाप. वजन मात्र फसवं नाही. हलका खेळाडू निवडायचा तर पुढं पहाड उभे करायची आणि तीच मांडणी वर्षानुवर्षं टिकवायची तयारी संघाची हवी. ती नसेल तर त्या मुलाला न निवडणं हेच त्याच्यावर उपकार. आणि ज्याला पहिलं पाऊल कुठं टाकायचं हे उशिरा कळतं, त्याला सहा फूट तीन इंचही वाचवत नाहीत. संघांनी फूटपट्टी फेकून द्यावी असं कोणी म्हणत नाही. फक्त ती शेवटी काढावी. आधी पोराचा खेळ बघावा.